चोर ग्लासापुढचं पान : कर्वेनगर ते लोणी काळभोर, एका रविवारी

इथे शेवटचं लिहून दीड वर्ष होऊन गेलं. मधे काही वाचकांनी विचारलं, ब्लॉगचं दुकान बंद केलंत का? एका बाईंनी जरा धीर करून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? त्यांना काय सांगावं ते मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही. आता सांगते. उत्तर लांबलचक आहे आणि ते बिबवेवाडीहून लोणी काळभोरला जाऊन परत येतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडं. मी आणि माझा नवरा मंदार कर्वेनगरला राहतो, नोकऱ्या करतो आणि सुट्टी मिळाली की व्हिस्कीच्या मागे फिरतो. त्यातही सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातली. मोठ्या कंपन्या कितीतरी पिंपं एकत्र करून चव दरवर्षी तीच ठेवतात. इंडिपेंडंट बॉटलर म्हणून जी मंडळी असतात, ती स्वतः व्हिस्की गाळत नाहीत. दुसऱ्याकडची पिंपं विकत घेतात, आपल्या गोदामात मनाला येईल तितकी मुरवतात आणि एकेक पिंप वेगळं, कशात न मिसळता बाटल्यांत भरतात. एकाच घरात, एकाच दिवशी घातलेल्या लोणच्याच्या दोन बरण्या वेगळ्या लागतात ना, तसंच. पिंप संपलं की ती चव जगातून गेली. मंदारला या गोष्टीचं फार अप्रूप होतं.

आमच्यात कामाची वाटणी ठरलेली होती. नाक मंदारचं, लिहिणं माझं. तो ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ओलं गोणपाट, मागून संत्र्याची साल, तळाशी जुनी चिंच. मी लिहून घ्यायचे. यातलं निम्मंसुद्धा आपल्याला येत नाही असं मी कायम धरून चालले. मी अमरावतीची. आमच्याकडे दारू हा शब्दही आवाज खाली करून उच्चारायचे. वास घ्यायला मला मंदारने शिकवलं, लग्नानंतर. बाकी आमचं फारसं जमतं असं नाही. त्याला सगळं जागच्या जागी लागतं, मला पसारा चालतो. त्याला घरात पाहुणे नको असतात, मला हवे असतात. पण संध्याकाळी दोन ग्लास पुढे घेऊन बसलो की आम्ही तासन्तास बोलायचो, आणि संसार चालायला मला तेवढं पुरत होतं.

मग ते बंद झालं. आधी म्हणाला पित्त होतं. मग कामाचा ताण. मग कारण देणंही बंद केलं. रविवारी खपून केलेली भाजी असो की ऑफिसमधून आल्यावर उरकलेली खिचडी, दोन्हीवर तीच मान डोलावणं. आणि प्रत्येक गोष्टीवर ठेचा. आमटीत गूळ कमी पडला तर तोंड वाकडं करणारा हा पुणेकर ठेचा मागायला लागला, तेव्हा मी कौतुकाने माहेरी फोन केला की जावई अखेर सुधारला. पुढे तोच ठेचा मला टोचायला लागला. माझ्या हातचं काही आवडत नाही म्हणून वर आग ओतून घेतोय, असं वाटायचं. पूर्वी मी गजरा माळला की तो मागून येऊन मानेशी नाक खुपसायचा. आता शेजारून किल्ल्या शोधत निघून जायचा. स्पष्ट लिहिते, मला वाटलं दुसरी कुणीतरी आहे.

अशात संपतरावांचा फोन आला. संपतरावांची लोणी काळभोरला रोपांची नर्सरी आहे आणि मुलगा स्कॉटलंडला नोकरीला. आमच्या या वेडातले ते सगळ्यांत जुने सोबती. मुलगा सुट्टीवर येऊन गेला होता आणि एका लहानशा बॉटलरची, शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली बाटली ठेवून गेला होता. रविवारी दुपारी जेवायला या, मग ती उघडू, असं आमंत्रण होतं. मी मंदारला न विचारता हो म्हणून टाकलं. मनाशी एक ठरवलं होतं. त्या टेबलाशीही हा माणूस माझ्या शेजारी परक्यासारखा बसला, तर घरी आल्यावर सरळ विचारायचं, की पुढे एकत्र राहायचं आहे का. मी वेगळ्या फ्लॅटची भाडी बघून ठेवली होती, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

मंदारने दोन दिवस टाळाटाळ केली. मग त्याने त्याच्या शाळेपासूनच्या मित्राला, शिरीषला, फोन केला. शिरीष दातांचा डॉक्टर, बिबवेवाडीला राहतो. बाल्कनीचं दार लावून बराच वेळ बोलून झाल्यावर मंदार आत आला आणि म्हणाला, जाऊ, पण शिरीषला घेऊन जाऊ. मला तेव्हा आनंदच झाला.

आता प्रवासाचं. टेस्टिंगला जाताना स्वतःची गाडी चालवायची नाही, हा नियम या ब्लॉगवर मी इतक्यांदा लिहिलाय की वाचकांना पाठ असेल. आम्ही दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी केली. पेट्रोल, वाट बघणं आणि ड्रायव्हरचं जेवण धरून चार हजारांच्या आत काम झालं. चौघं असाल तर माणशी सिनेमा आणि समोशाएवढा खर्च. दारूचं परमिट काढून ठेवा, ऑनलाइन मिळतं. सकाळी गडद परफ्यूम लावू नका, टेबलावरच्या सगळ्यांच्या नाकाचा खेळ होतो. रविवारी सकाळी राजाराम पूल आणि सिंहगड रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, पण मार्केट यार्डाच्या बाजूला टेम्पो आडवे असतात आणि त्यांच्या चालकांना कुठेही जायची घाई नसते. आम्हाला बिबवेवाडीला पोहोचायला ठरल्यापेक्षा उशीर झाला.

शिरीषने पोहे करून ठेवले होते आणि त्याच्याकडची एक बाटली काढली होती. इंडिपेंडंट बॉटलरचीच, डिस्टिलरीचं नाव लेबलवर नसलेली. अशी नावं लपवलेली पिंपं बरीच येतात, कारण मूळ कंपनीला आपलं नाव दुसऱ्याच्या लेबलावर नको असतं. मग ओळखण्याचा खेळ रंगतो, आणि तो खेळ मंदारचा. शिरीषने थेंब थेंब ओतलं. मी ग्लास नाकाशी नेला. मला काहीतरी शेंगदाण्याच्या चिक्कीसारखं आलं, पण मी गप्प बसले. माझं नाक काय, चिक्की म्हणणार.

"चिकू आहे ना रे?" शिरीष मंदारला म्हणाला. "आणि जरासा धूर?"

मंदारने डोळे मिटले. म्हणाला, चिकू आहे, पण जास्त पिकलेला, सालीकडचा. धूर लाकडाचा नाही, विझलेल्या कोळशाचा. स्कॉटलंडच्या बेटांवरची नसावी, मुख्य भूमीवरच्या कुठल्यातरी जुन्या घराण्याची. जिभेवर तेलकट आहे म्हणाला, आणि त्या तेलकटपणावर आणखी पाचेक मिनिटं बोलला. मी फोनवर भराभर टिपून घेत होते आणि माझे डोळे भरून आले होते. दीड वर्षाने तो आवाज ऐकत होते. शिरीषच्या बायकोने मला विचारलं, सर्दी झालीय का, आणि मी हो म्हटलं. कुठेतरी मनात आलं की शिरीष आज आधी बोलतोय, एरवी कितीही बडबडा असला तरी मंदारच्या आधी तोंड उघडायची त्याची हिंमत होत नाही. पण मला तेव्हा खोट काढायची नव्हती.

बिबवेवाडीहून आम्ही तिघं गंगाधाम चौकातून खाली उतरून हडपसरला लागलो. सोलापूर रस्त्यावर रविवारीही गर्दीच असते. मांजरी फाट्यानंतर जरा श्वास घेता येतो. कवडीपाट गेलं की उसाच्या ट्रॉल्या आणि कॉलेजच्या बस एकाच लेनमध्ये चालतात, त्यांच्या मागे राहायची मनाची तयारी ठेवा. मंदार पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि शिरीष मागे. मी गाणं गुणगुणत होते असं शिरीषने नर्सरीत उतरल्यावर सांगितलं.

संपतरावांची नर्सरी हायवेपासून आत आहे. गुलाबाच्या कलमांच्या रांगा, हिरवी शेडनेट, आणि मधे पत्र्याची मोठी शेड, तिच्यात लांब टेबल. जेवण आधी की व्हिस्की आधी, यावर पुण्यातल्या मंडळींचं कधी एकमत होणार नाही. संपतरावांकडे आधी व्हिस्की, कारण त्यांच्या घरचं मटण एकदा जिभेला लागलं की पुढे काही कळत नाही. मधे तोंड साफ करायला बिनमिठाचे कुरमुरे. नाक थकलं की स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा, आपल्या अंगाचा वास आपल्याला लागत नाही आणि नाक ताजं होतं. हेही मला मंदारनेच शिकवलेलं.

संपतरावांकडची एक पद्धत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते चार ग्लास मांडतात. तीन पिंपातले, आणि एक चोर. चोर म्हणजे नाक्यावरच्या दुकानातून आणलेली साधी, स्वस्त व्हिस्की. चारही ग्लासांत आधीच पाणी घालून जोर सारखा केलेला असतो, म्हणजे घशाला जाळ किती लागतो त्यावरून कुणी ओळखू नये. प्रत्येकाच्या हातात गुलाबाचं एक पान देतात. चारही चाखून झाले की चोर वाटेल त्या ग्लासापुढे पान ठेवायचं. तोपर्यंत बोलायचं नाही.

"घोट घेतला की कुणी शब्द काढायचा न्हाय," संपतरावांनी शिरीषकडे बघत सांगितलं. त्यांना त्याची बडबड माहीत होती. "पान ठेवायचं, बास. आन् पैलं पान मंदाररावांचं. मानच हाय त्यांचा."

मंदार म्हणाला, आज दुसऱ्या कुणाला तरी मान द्या. संपतराव ऐकेनात. मागच्या सगळ्या वेळी त्याने चोर पहिल्या फटक्यात पकडलेला होता.

आम्ही चाखायला लागलो. बाहेर पाइपाने पाणी चालू होतं, तेवढाच आवाज. पहिला ग्लास फिकट, उन्हात वाळवलेल्या गवतासारखा. दुसरा मला मुळीच पटला नाही. बेकरीत केकला घालतात तो इसेन्स असतो ना, तसा वरवरचा गोडवा, आणि त्याच्या मागे काहीच नाही. तिसऱ्यात मीठ आणि धूर. चौथा सगळ्यांत काळसर, आणि तो नाकाशी नेला तेव्हा मी कुरमुरे खायचे विसरले. खजूर, करपायच्या आत उतरवलेला गुळाचा पाक, देवघरातलं जुनं लाकूड. मला एवढं सगळं कधी आलं नव्हतं. दुसरा चोर आहे याबद्दल मला शंका नव्हती.

मंदारने चारही ग्लास दोनदा उचलले. मग उजेडाकडे धरून बघितले. तो ग्लास उजेडाकडे धरतोय हे पाहून मला नवल वाटलं, कारण रंगावर जायचं नाही, स्वस्तातल्या व्हिस्कीत रंगासाठी कॅरॅमल घालतात, हे तो प्रत्येक नवख्याला ऐकवतो. पान बोटांत धरून तो थोडा वेळ तसाच बसला. मग त्याने ते सगळ्यांत काळ्या, चौथ्या ग्लासापुढे ठेवलं.

शिरीषने एक क्षणही न थांबता आपलं पान त्याच्या शेजारी ठेवलं.

राहिले मी. दुसरा ग्लास माझ्यासमोर होता, आणि तो चोर आहे हे माझं नाक सांगत होतं. पण मंदारचं पान चौथ्यापुढे होतं. इतक्या वर्षांत त्याचं नाक चुकलं नव्हतं आणि माझं मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. शिवाय सकाळपासून तो मला परत मिळाला होता. त्याच्या विरुद्ध पान ठेवायची माझी इच्छा नव्हती. मी माझं पान त्या दोघांच्या शेजारी ठेवलं.

संपतरावांनी तीन पानांकडे बघितलं. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "चोर दुसरा हाय. काल नाक्यावरनं आणलाय. तुमी तिघांनी ज्याला चोर ठरवलं ती आमच्या पोराची बाटली हाय."

संपतराव स्वतःच म्हणाले की होतं असं, प्रवासाने नाक बसतं, उन्हाचा परिणाम असेल. इतका मोठा माणूस आमच्या वतीने सबबी शोधत होता. त्यांच्या मुलाने ती बाटली कपड्यांत गुंडाळून कशी आणली, विमानतळावर किती वेळ उभा राहिला, हे त्यांनी आम्हाला आल्या आल्याच हौसेने सांगितलं होतं. मंदारने माफी मागितली, पण ती त्यांच्याकडे न बघता मागितली. त्याचा चेहरा शरमलेला नव्हता. घाबरलेला होता. मला तो चेहरा वाचता आला नाही, आणि मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मला वाटलं, याने नीट चाखलंसुद्धा नाही. याला इतकंही करावंसं वाटलं नाही.

जेवण उत्तम होतं. मटण, भाकरी, इंद्रायणीचा भात, वहिनींच्या हातचं खोबऱ्याचं वाटण. जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्या शाकाहारीही करतात. मंदार मान खाली घालून जेवला आणि त्याने वर मिरची मागून घेतली. निघताना संपतरावांनी चौथ्या ग्लासातली व्हिस्की एका लहान बाटलीत भरून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, घरी निवांत घ्या, मग सांगा.

ऊन कलायला लागलं होतं. हडपसरला तुंबलंय असं फोनवर दिसत होतं, म्हणून ड्रायव्हरने गाडी फुरसुंगीच्या अंगाने आत घातली, मंतरवाडीला निघून कात्रज बायपास धरायचा म्हणून. हा रस्ता एरवी चांगला आहे, पण एक सांगून ठेवते. वारा फिरला की कचरा डेपोचा वास येतो, आणि आला की गाडीतल्या सगळ्यांचे हात आपोआप काचेच्या बटणाकडे जातात. पुण्यातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. माझी काच वर गेली, शिरीषची गेली, ड्रायव्हरने तर नाकाला रुमाल लावला. मंदारची काच पूर्ण खाली होती. तो कोपर बाहेर टाकून, तोंडावर वारा घेत बसला होता.

"साहेब, काच घेता का वर?" ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे," मंदार म्हणाला. "हवा छान आहे."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी शिरीषकडे पाहिलं. शिरीषला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तो पुढे वाकला आणि मंदारच्या खांद्याला हात लावून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मंदार. डेपो."

काच झटकन वर गेली. मंदार खोकला, नाकाशी हात नेला आणि म्हणाला, "बापरे, भयंकर आहे आज."

मला सगळं एकदम समजलं. ठेचा, गजरा, खिचडी आणि भाजीवरची तीच मान, उजेडाकडे धरलेला ग्लास, सकाळचा चिकू. याला वास येत नाही. किती दिवस येत नाही कुणास ठाऊक, पण येत नाही. आणि शिरीषला ते माहीत आहे. तो सकाळी ग्लासाआधी शब्द पुरवत होता, आणि दुपारी बोलायची बंदी आली तेव्हा त्याने पान टाकून साथ दिली. त्या टेबलावर फसलेली मी एकटीच होते. नाही, संपतरावही होते.

बिबवेवाडीत उतरताना शिरीष म्हणाला, "वर्षा, ते मी..." मी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला चला म्हटलं.

घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी विचारलं. त्याने नाकारलं नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या सुमारास त्याला ताप आणि सर्दी झाली होती, आठवडाभर झोपून होता, त्यात ते गेलं. येईल येईल म्हणून वाट पाहिली. मग नाकाच्या डॉक्टरकडे गेला, शिरीषच घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. रोज ठरावीक वास घ्यायचा सराव दिला. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. त्या बाटल्या त्याने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या आणि दुपारी जिन्यात जाऊन हुंगायचा. जिभेला गोड, खारट, आंबट, तिखट एवढंच कळतं म्हणाला. बाकी सगळं पुठ्ठा.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. जिन्यात उभं राहून लवंग हुंगणारा मंदार डोळ्यासमोर आला. पण त्याच्या मागून राग आला आणि तो खूप मोठा होता. मी त्याला आठवण करून दिली की चार महिन्यांपूर्वी गॅस उघडा राहिला होता, तो स्वयंपाकघराच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता आणि मी बाहेरून आले तेव्हा जिन्यापर्यंत वास येत होता. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून मी त्याला फाडून खाल्लं होतं, आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं. मी उशिरा आले असते तर? दुसरी कुणी आहे असं मला वाटत होतं, मी वेगळं घर बघत होते, हेही मी सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. तो खाली बसला.

शिरीषला सांगितलंस आणि मला का नाही, एवढंच मी शेवटी विचारलं.

"शिरीषसमोर मला रोज जेवायला बसावं लागत नाही," तो म्हणाला. "तुला कळलं असतं तर तू प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस."

"बघतच होते," मी म्हटलं. "दीड वर्ष. कारण माहीत नव्हतं, एवढंच."

त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

यालाही आता काही आठवडे झाले. वेगळं घर घेतलेलं नाही. लवंग आणि लिंबाच्या बाटल्या ऑफिसमधून घरी आल्या आहेत, डायनिंग टेबलावर मीठ-लोणच्याच्या शेजारी असतात. गॅसला गळती सांगणारा अलार्म बसवला, तो ज्यांच्या घरी नाही त्यांनी बसवून घ्या, फार महाग नाही. संपतरावांना मी फोन करून खरं सांगणार होते. मंदारने हात जोडून नको म्हटलं, आणि मग काही दिवसांनी स्वतःच केला. संपतराव म्हणाले म्हणे, गुलाबाची रोपं पाठवतो, वासाची जात बघून. शिरीषशी मी अजून बोलत नाही. ही पोस्ट मंदारने टाकायच्या आधी वाचली. फार लांबली आहे, एवढंच म्हणाला.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, जाण्यासारखं आहे का? आहे. कुणाकडे अशी एका पिंपाची बाटली उघडणार असेल तर जरूर जा, सोलापूर रस्त्याची गर्दी सोसून जा. संपतरावांच्या मुलाने आणलेली ती व्हिस्की मी आजवर चाखलेल्यांतली सर्वांत चांगली आहे, आणि हे मी कुणालाही न विचारता लिहितेय.

परवा संध्याकाळी मंदारने ती लहान बाटली काढली. दोनच घोटांची असेल. त्याने एकच ग्लास घेतला, त्यात सगळी ओतली, पाण्याचे थेंब मोजून टाकले, पूर्वी टाकायचा तसे, आणि ग्लास माझ्यापुढे ठेवून समोर बसला. मी नाकाशी नेला. खजूर होता, पाक होता, आणि त्या दिवशी न सापडलेलं बरंच काही होतं, अर्धवट वाळलेली संत्र्याची साल, पावसात भिजून सुकलेलं चामडं. मी डोळे मिटून घेतले होते तरी तो माझ्याकडे बघतोय हे कळत होतं.

"सांग ना," तो म्हणाला. "कसला वास येतोय?"

मला सगळं सांगता आलं असतं. त्याला त्या शब्दांची किती भूक आहे, हेही दिसत होतं. दीड वर्ष मीही त्याच्यासमोर अशीच बसले होते.

"व्हिस्कीचा," मी म्हटलं.